लहान मुलाला घेऊन इटली कशी करायची, आमच्या सोळा दिवसांवरून

परत येऊन तीन आठवडे झाले तरी रोज कोणीतरी विचारतंय, सोसायटीत, ऑफिसात, परवा तर भाजीवाल्याकडे, की एवढ्याशा पोरीला घेऊन इटली कशी काय जमवलीत, ती खाते काय, चालते किती, रडली नाही का. म्हणून एकदाच बसून नीट लिहून काढतेय. आम्ही तिघंच होतो, मी, नवरा आणि पावणेचार वर्षांची लेक, मे महिन्यात, रोमला सहा रात्री, फ्लॉरेन्सला पाच आणि व्हेनिसला चार.

आधी मुख्य गोष्ट सांगते कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. ट्रिप मुलाच्या दुपारच्या झोपेभोवती आखायची. बघायच्या ठिकाणांभोवती नाही. सकाळी एक ठिकाण, दुपारी घरी येऊन जेवण आणि झोप, संध्याकाळी मोकळं हिंडणं, बस. आम्ही सुरुवातीला एक टूरचं पत्रक आणलं होतं त्यात नऊ दिवसांत सात शहरं होती, रोज सकाळी सातला बॅगा भरून बसमध्ये, ते वाचूनच कळलं की हे आपलं काम नाही. तीन शहरं पुष्कळ झाली, खरं तर एक आठवडाच असेल तर दोनच करा, रोम आणि फ्लॉरेन्स. आणि दुपारी घरी जायचं म्हटल्यावर घर मधोमध हवं, लांबचं स्वस्त हॉटेल घेतलं की दुपारची झोप बोंबलली. तिथे लहान दुकानं, चर्चेस दुपारी तीन-चार तास बंदच असतात, पुणेकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको, तेव्हा तुमचं फार काही बुडत नाही.

तिकीट काढताना जाणं रोमला आणि येणं व्हेनिसहून असं काढा, म्हणजे परत रोमला यायचा एक अख्खा दिवस वाचतो. पुण्याहून थेट फ्लाइट नाहीच, मुंबईला जाऊन मग दुबई, दोहा, अबुधाबी असं कुठूनतरी जावं लागतं. आम्ही मुद्दाम मधला थांबा साडेतीन तासांचा ठेवला, तासाभराचं कनेक्शन लहान मुलाबरोबर अजिबात घेऊ नका, एक शी झाली की संपलं. एक्सप्रेसवेवर घाटात अडकायचं गृहीत धरूनच पुण्याहून निघा.

व्हिसाबद्दल. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो म्हणून फेब्रुवारीतच कामाला लागा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना शून्य, सेंटरचा सर्व्हिस चार्ज मात्र वेगळा असतो. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. मुलाच्या अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात आणि जन्मदाखला लागतो, दाखल्यावर आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग सारखंच आहे ना हे आजच काढून बघा, आमच्या एका ओळखीच्यांचं तिथेच अडलं होतं. पालकांपैकी एकच जण जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटराइज्ड संमतीपत्र लागतं. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोंचा, मुलाचासुद्धा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तो शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर अजून तीन महिने तरी चालू हवा, हे खूप जण विसरतात.

बॅगेत काय न्यायचं ह्यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं. युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे साजूक तूप, पेढे, चीज, खवा घातलेलं काही, हे सगळं बाद. बाळाच्या दुधाची पावडर चालते, सीलबंद ब्रँडेड आणि फ्रिजमध्ये न ठेवावी लागणारी असेल तर, माणशी दोन किलोपर्यंत. आईने प्रेमाने अर्धा किलो तूप कढवून डब्यात भरून दिलं होतं, ते फ्रिजमध्येच ठेवून निघाले, तिला वाईट वाटलं. पण त्याचा तोडगा तिथे सापडला. सुपरमार्केटमधून बुर्रो आणायचं, बुर्रो म्हणजे लोणीच, बिनमिठाचंच मिळतं, पंधरा मिनिटं मंद गॅसवर कढवलं की घरभर आपल्या घरचाच वास. तांदूळही न्यायची गरज नाही. रिसोत्तोसाठी वापरतात ते आर्बोरिओ किंवा कार्नारोली घ्या, जाडा तांदूळ, थोडं पाणी जास्त घातलं की मस्त आसट भात होतो, आपल्या आंबेमोहराचा वास नाही पण मऊपणा तोच. लेन्तिक्ये रोस्से म्हणून पाकीट मिळतं ती आपली मसूरडाळच. म्हणजे पुण्याहून न्यायचं काय तर मेतकूट, हळद, हिंग, थोडा गोडा मसाला आणि एक छोटा इंडक्शनवर चालणारा कुकर, कारण बऱ्याच अपार्टमेंटमध्ये इंडक्शन असतं. सोळा दिवसांत नऊ रात्री लेक मेतकूट-भात जेवली आणि त्यामुळेच दिवसा पिझ्झा-पास्त्याचा कंटाळा आला नाही असं माझं पक्कं मत आहे. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या म्हणते ते ह्यासाठी. शिवाय इटलीत घरोघरी बाथरूममध्ये बिडे, म्हणजे शी झाल्यावर धुवायचं बुटकं बेसिन, असतो, १९७५ पासून नवीन घरांना तो कायद्यानेच बंधनकारक आहे, छोट्या मुलाला धुवायला फार सोय होते.

स्ट्रोलर की कॅरिअर, म्हणजे ढकलायची बाबागाडी की मूल अंगाला बांधून न्यायची पट्ट्यांची पिशवी, हा प्रश्न सगळेच विचारतात. दोन्ही. रोमच्या जुन्या भागातले रस्ते काळ्या दगडांच्या चौकोनी तुकड्यांचे असतात, साम्पिएत्रिनी म्हणतात त्यांना, त्यावर छोट्या चाकांचा हलका स्ट्रोलर असा खडखडतो की मूल झोपलेलं असेल तर उठतं आणि चाक फटीत अडकतं. आमचं पुढचं एक चाक तिसऱ्या दिवशीच गेलं. थोडी मोठी चाकं आणि एका हाताने मिटणारा असा घ्या. व्हेनिसमध्ये तर चारशेच्या वर पूल आणि बहुतेकांना पायऱ्या, तिथे स्ट्रोलर उचलून उचलून खांदे जातात, कॅरिअरच हवा.

पहिले तीन दिवस झोपेचं गणित. उन्हाळ्यात इटली आपल्या साडेतीन तास मागे असते. म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसातला उठणारी पोर तिथे पहाटे चारला टक्क जागी. ह्याच्याशी भांडू नका, ह्याचा फायदा घ्या. आम्ही तिला दूध-बिस्कीट देऊन सहाला बाहेर पडायचो, त्रेव्ही फाउंटनला त्या वेळी दहा-बाराच माणसं होती, पाण्याचा आवाज ऐकू येत होता, तेच दुपारी बघितलं तर मुंगी शिरायला जागा नाही. सेंट पीटर्स बॅसिलिका सातला उघडते, प्रवेश फुकट, फक्त सिक्युरिटीची रांग, सकाळी लवकर ती रांग पाच-दहा मिनिटांत सरली. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी बॅगेत ठेवाच. घुमटावर मात्र ५५१ पायऱ्या आहेत, नवरा एकटा चढून आला, मी आणि लेक खाली चौकात कबुतरांमागे. व्हॅटिकन म्युझियम आम्ही आळीपाळीने केलं, एकाने बघायचं, दुसऱ्याने लेकीला सांभाळायचं, कारण आत एकदा शिरलं की सिस्टीन चॅपलपर्यंत खूप चालणं आहे आणि गर्दीत लहान मुलाला फक्त लोकांचे गुडघे दिसतात. महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी ते बंद असतं.

कलोसियम करा, नक्की करा. १८ वर्षांखालच्यांना फुकट आहे पण फुकटचंही तिकीट काढावं लागतं, ते विसरून गेटवर गेलात तर अडकाल. तिकिटावर नावं असतात, पासपोर्टप्रमाणे टाका, आणि ३० दिवस आधी विक्री सुरू होते तेव्हाच घ्या. स्ट्रोलर नेता येतो, लिफ्ट आहे. आम्ही पहिला स्लॉट घेतला आणि लेकीला आधीच सांगून ठेवलं होतं की इथे वाघ-सिंह खालच्या खोल्यांमधून वर आणायचे, मग ती तासभर त्या खोल्याच शोधत बसली, मला तेवढ्यात निवांत बघता आलं. पँथिऑन ह्या जुन्या रोमन देवळालाही तसंच, छताला मधोमध जवळजवळ नऊ मीटर रुंद उघडं भोक आहे आणि पाऊस आत पडतो, पाणी जायला फरशीत बारीक भोकं आहेत, ती २२ असतात म्हणे, आमची मोजणी तेरावर संपली. त्याला २०२३ पासून ५ युरो तिकीट लागतं, लहानांना नाही.

पण लेकीला रोममधलं सगळ्यात काय आवडलं विचाराल तर तीन गोष्टी, आणि तिन्ही फुकट किंवा स्वस्त. एक म्हणजे नासोने, रस्त्यावरचे पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ, १८७४ पासून आहेत आणि शहरात अडीच हजाराच्या आसपास, पाणी थंडगार आणि पिण्याजोगं. खालच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं, दर नळापाशी आमची पाच मिनिटं ठरलेली, पाण्याच्या बाटल्यांचा खर्च शून्य. दुसरं लार्गो दी तोर्रे अर्जेन्तिना, भग्न देवळांचा खोलगट चौक आहे, ज्युलिअस सीझरला मारलं ती जागा ह्याच परिसरात, पण मुलांना त्याचं काय, तिथे मांजरं राहतात, त्यांना सांभाळणारी संस्थाच आहे तिथे, उन्हात खांबांवर पसरलेली मांजरं बघत ती हलायला तयार नव्हती. तिसरं व्हिला बोर्गेसे, मोठी बाग, तळ्यात वल्ह्याची होडी मिळते. दमट किंवा पावसाचा दिवस निघाला तर पिआत्सा देल पोपोलोजवळ एक्सप्लोरा म्हणून मुलांचं म्युझियम आहे, ठरावीक वेळेचे स्लॉट असतात, आधी बुक करा. बस-मेट्रोचं तिकीट दीड युरो, शंभर मिनिटं चालतं, दहा वर्षांखालच्यांना लागत नाही. तेर्मिनी स्टेशन, मेट्रो आणि गर्दीच्या बसमध्ये पाकीटमार असतात आणि मूल कडेवर असलं की आपलं लक्ष जातंच, त्यामुळे पासपोर्ट-पैसे पुढे अडकवलेल्या बॅगेत, स्ट्रोलरच्या मागच्या कप्प्यात कधीच नाही.

एअरपोर्टवरून रोममध्ये यायला लिओनार्दो एक्सप्रेस ट्रेन आहे, ३२ मिनिटं, १४ युरो. पण रात्रभराच्या प्रवासानंतर मी टॅक्सीच म्हणेन, शहराच्या जुन्या भिंतींच्या आतल्या भागासाठी रेट ठरलेला असतो, पांढऱ्या अधिकृत टॅक्सीच्या रांगेतच उभं राहा आणि आत येऊन "टॅक्सी टॅक्सी" विचारणाऱ्यांकडे बघूही नका.

एका शहरातून दुसऱ्या शहरात ट्रेननेच जा. रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेनने दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास, तिकिटं जितकी आधी तितकी स्वस्त. त्रेनितालिया ह्या तिथल्या रेल्वे कंपनीच्या गाड्यांत चार वर्षांखालचं मूल मांडीवर असेल तर फुकट. आम्ही ट्रेनची वेळ मुद्दाम दीडची घेतली, झोपेच्या वेळेला, दोन्ही वेळा ती गाडी सुटल्या सुटल्या झोपली. लहान अंतराच्या रीजनल गाड्यांचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो, नाहीतर तिकीट असूनही दंड. गाडी भाड्याने घ्यायच्या फंदात शहरांसाठी पडू नका, जुन्या भागांत झेडटीएल म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे असतात आणि दंडाची पत्रं नंतर घरी येतात.

फ्लॉरेन्सला दुसऱ्याच दिवशी लेकीला ताप आला, १०१. घाबरले मी. पण हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे फार्माचिया, पावलोपावली आहेत, तिथल्या बाईंना जुजबी इंग्रजी येत होतं. पॅरासिटामॉल तिथे ताकिपिरिना नावाने मिळतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला वजन किती, किलोमध्ये, तेव्हा निघायच्या आधी मुलाचं वजन करून लिहून ठेवा. आपल्या डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन घ्या, ब्रँडची नावं तिकडे कोणाला कळत नाहीत. नेहमीची औषधं पुण्याहूनच न्या. इमर्जन्सी नंबर ११२. दोन दिवस आम्ही घरातच काढले, खिडकीतून खालची गल्ली बघत, उफिझी ह्या चित्रांच्या म्युझियमचं तिकीट वाया गेलं, त्याची हळहळ वाटली पण पाच रात्री ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. म्हणूनच म्हणते, प्रत्येक शहरात एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा.

बरी झाल्यावर मग पिआत्सा देला रेपुब्लिकामधला जुना लाकडी घोड्यांचा मेरी-गो-राउंड रोज संध्याकाळी, आणि ब्राँझच्या रानडुकराचं नाक चोळायला बाजारात, नाक चोळून चोळून सोन्यासारखं चकाकतंय. डेव्हिडचा पुतळा सव्वापाच मीटरच्या आसपास उंच आहे, ते मुलांनाही भारी वाटतं, "एवढा मोठा दादा आणि कपडे का नाही घातले" हे मोठ्याने विचारलं जाईल ह्याची तयारी ठेवा, शांतपणे उत्तर द्या. डेव्हिड आहे ते म्युझियम आणि उफिझी दोन्ही सोमवारी बंद. कॅथीड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या लहान मुलाबरोबर नकोच. पिझाला ट्रेनने तासभर लागतो, पण मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडतच नाहीत, त्यामुळे खालून बघायचं आणि परत यायचं एवढंच. आम्ही गेलो नाही, चुकल्यासारखंही वाटलं नाही.

खाण्याचं सविस्तर, कारण आम्ही शाकाहारी. लात्ते मागितलं की नुसतं दूध येतं, मुलासाठी तेच हवं असतं, "लात्ते काल्दो" म्हणजे गरम दूध. पेपेरोनी म्हणजे तिथे ढबू मिरची, घाबरू नका. "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे" म्हणजे मांस नको मासे नको, हे दोन शब्द पाठच करा कारण नुसतं व्हेजिटेरियन म्हटल्यावर कधी कधी अँकोव्ही मासा येतो. मारिनारा पिझ्झा नाव समुद्राचं असलं तरी त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो एवढंच, चीजही नाही. मुलांना पास्ता अल पोमोदोरो किंवा "पास्ता इन बियांको", म्हणजे नुसतं लोणी-तेल लावलेला, मेन्यूत नसला तरी विचारा, कोणीही करून देतं. अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ताज्या पास्त्यात बहुतेकदा अंडं असतं, सुक्या पाकिटातल्यात साधारणपणे नसतं. अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं विरजणासारखं द्रव्य, असतं, कडक पाळणाऱ्यांनी "सेन्त्सा फोर्माज्जो" सांगावं. फ्लॉरेन्सकडचा ब्रेड बिनमिठाचा असतो, लेकीने पहिला घास तोंडातून काढून हातात दिला. रेस्टॉरंट रात्री सात-साडेसातच्या आधी उघडत नाहीत, मुलाला भूक साडेसहाला, त्यावर उपाय म्हणजे पिझ्झा अल ताल्यो, वजनावर कात्रीने कापून देतात, कधीही मिळतो. बसून खाल्लं की बऱ्याच ठिकाणी माणशी दोन-तीन युरो कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसायचा आकार, लागतो, ती फसवणूक नाही, मेन्यूवर लिहिलेलं असतं. उंच खुर्चीला सेज्जोलोने म्हणतात. प्लाझमोन नावाची बाळबिस्किटं दुधात छान विरघळतात. सुपरमार्केटमध्ये फळं-भाजी प्लास्टिकचा हातमोजा घालूनच उचलायची, बऱ्याच ठिकाणी स्वतः वजन करून स्टिकर लावायचा. जेलातो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, दुकानात झाकणाच्या स्टीलच्या डब्यातलं दिसलं तर डोळे मिटून घ्या, डोंगरासारखं रचलेलं भडक रंगाचं नको. आमचं रोज फ्रागोला, म्हणजे स्ट्रॉबेरी, "महाबळेश्वरसारखं" हा तिचा निकाल.

शू-शीचं काय. स्टेशनवरच्या टॉयलेटला साधारण एक युरो, सुट्टी नाणी जवळ ठेवा. एरवी कुठल्याही बारमध्ये, बार म्हणजे तिथे कॉफीचं दुकान, काउंटरवर उभ्याने एक एस्प्रेसो घ्या आणि "बान्यो?" विचारा. लहान मूल बघून कोणी नाही म्हणालं नाही. मुलांवर तिथे खरंच जीव लावतात, आजोबा लोक रस्त्यात थांबून "च्याओ बेल्ला" करायचे, एका बेकरीतल्या मावशींनी रोज तिच्या हातावर काहीतरी ठेवलं.

व्हेनिसला तिकीट सांता लुचिया स्टेशनपर्यंतचं काढा, मेस्त्रे हे आधीचं, जमिनीवरचं. घर बघताना व्हापोरेत्तो म्हणजे बोटबसच्या थांब्यापासून मध्ये किती पूल आहेत ते घरमालकाला विचारा, बॅगा घेऊन तीन पूल म्हणजे दमछाक. एक वेळचं बोटीचं तिकीट ९.५० युरो आहे, ७५ मिनिटांचं, त्यामुळे ७२ तासांचा पास घ्या, सहाखालच्यांना फुकट. एक नंबरची बोट ग्रँड कॅनालमधून हळूहळू जाते, पुढची जागा मिळवा, गोंडोल्याची गरज नाही. गोंडोल्याचा दिवसाचा ठरलेला दर अर्ध्या तासाला ९० युरो, आम्ही एकदा केला, हौस म्हणून ठीक, लेक दहाव्या मिनिटाला बोटीची पायरी मोजत होती. बुरानो बेटावर मात्र जाच, फोंदामेन्ते नोवेहून १२ नंबरची बोट, पाऊण तास, लाल-निळी-पिवळी घरं, तिथे "हे माझं घर, हे आजीचं" असं वाटणीचं काम दुपारपर्यंत चाललं. व्हेनिसमध्ये गाड्या नाहीत म्हणून मूल मोकळं सोडावंसं वाटतं, पण कालव्यांना बहुतेक ठिकाणी कठडा नसतो, हात सोडू नका. कबुतरांना दाणे टाकायला सान मार्को चौकात बंदी आहे. काही ठरावीक दिवशी दिवसभरापुरतं येणाऱ्यांना शहराची प्रवेश फी असते, राहणाऱ्यांना नसते पण त्या दिवसांसाठी नोंदणी करून कोड घ्यावा लागतो, चौदाखालच्यांना नाही.

परत येताना घड्याळ उलटं फिरतं. तिथे रात्री नऊला झोपायची सवय लागलेली पोर इथे साडेबारापर्यंत जागी आणि सकाळी उठता उठत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होतात, त्याआधी चार-पाच दिवस हातात ठेवूनच परतीचं तिकीट काढा, आम्ही दोनच ठेवले होते आणि पहिल्या दिवशी तिला झोपेतच युनिफॉर्म घातला.